म्हसोबाच्या दगडापासून खाली

व्यंकटरावांच्या घरी आधी एक गाडी होती आणि मग दुसरी आली. दोन्ही लहानच. पहिली पांढरी, वयानं पिवळट पडलेली, पत्रा इतका पातळ की वैशाखात दाराला हात लावला तर चटका बसावा. तिला घरात सगळे डबी म्हणत. दुसरीला नाव पडायला वेळ मिळाला नाही. नवी ती नवीच राहिली.

व्यंकटराव जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. म्हणजे खात्याच्या कागदावर पट्टीबंधक. येरमाळ्याच्या आसपास वाड्यावस्त्यांवर मेंढरं-शेरडं राखणारी माणसं त्यांना डॉक्टरच म्हणत, आणि "अहो, मी डॉक्टर नाही" असं सांगायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. डबीच्या मागच्या सीटवर औषधांची पेटी असे, आणि कधी पेटीशेजारी एखादी अडलेली शेळी. शाळेत असताना त्यांच्या मुलीच्या, करिश्माच्या, दप्तराला फिनाईलचा वास यायचा, आणि वर्गातल्या मुली त्यावरून तिला चिडवायच्या.

डबीचा आवाज मोठा होता. आत बसून बोलायचं तर ओरडावं लागे, आणि व्यंकटराव ओरडणाऱ्यांतले नव्हते. त्यामुळं गाडीत बोलणं असं नसेच. फक्त बार्शीला जाताना घाट उतरावा लागायचा, तेवढं सोडून.

घाटाच्या तोंडाशी डाव्या हाताला म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं आलं की शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी गजराबाई आधी दगडाला हात जोडायच्या, मग समोर बघतच म्हणायच्या, "करा बंद." व्यंकटराव चाबी एक खटका मागं घ्यायचे. इंजिनाचा आवाज विझायचा. गिअर काढलेली गाडी आपल्याच वजनानं खाली सुटायची आणि टायरांची घसघस तेवढी उरायची. पेट्रोल वाचतं, असं ते सांगायचे. पण मागच्या सीटवर धाकट्या शिवराजला मांडीवर घेऊन बसलेल्या करिश्माला लहानपणीच कळलं होतं, की त्या उतारावर आई-आबा बोलून घेतात. घरात आजी, पाहुणे, दारात कुणाचं तरी आजारी जनावर. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला जागा नव्हती, ती घाटात होती. मेंढरं विकायची की ठेवायची, हे घाटात ठरलं. करिश्मानं सोलापूरला शिकायला जायचं, तेही घाटातच. आबा म्हणाले, "तिला पुस्तकाबिगर दुसरं दिसतंय काय?" आई म्हणाली, "मग जाऊ द्या की." आणि तेवढ्यात खालचा ओढा आला. ओढ्यापाशी आबा चाबी पुढं घ्यायचे, गाडी गिअरात टाकायचे, डबी हिसका देऊन पुन्हा कोकलायला लागायची. मग बार्शीपर्यंत कुणी तोंड उघडत नसे.

नवी गाडी करिश्मानं पसंत केली. ती सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती, शिवराज पुण्याला होता, आणि आबा निवृत्त होऊनही डबी घेऊन कुणाच्या ना कुणाच्या मेंढवाड्यावर जातच होते. "त्या डबीसमोर कुणी शिंकलं तरी ती चेपेल," शिवराज म्हणायचा. करिश्मानं चार ठिकाणी जाऊन गाड्या बघितल्या, धडक दिल्यावर कुठली किती टिकते ते वाचून काढलं, आणि मग एक ठरवली. शिवराजनं रंग निवडला. राखाडी.

गाडी दारात आली तेव्हा आबा तिच्याभोवती बाजारात बैल बघावा तसे फिरले. बॉनेट उघडून वाकून बघितलं.

"काय बघताय आबा?" शिवराज म्हणाला.

"दात बघतोय. अजून आदत हाय ही." वयात न आलेल्या वासराला म्हणतात तो शब्द त्यांनी वापरला, आणि शेजारचा धनाजी खो-खो हसला.

मग आबा आत बसले. पट्टा लावला नाही म्हणून गाडी टुंग-टुंग करायला लागली. गजराबाई खाली उभ्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या, "टोकायला दुसरी आली. मला आता काय काम राहिलं?"

"ही निदान पट्टा लावल्यावर गप्प बसती," आबा म्हणाले.

त्यांनी गावाबाहेर एक चक्कर मारली आणि परत आल्यावर करिश्माला म्हणाले, "डबीला दोन हात अन् खांदा लावायला लागतो गं. हिला नुसतं मनात आणलं तरी वळती." त्यांनी स्टिअरिंगचं चाक एका बोटानं डावीकडं-उजवीकडं फिरवून दाखवलं. लहान पोर खेळणं दाखवतं तसं. "अन् आवाज न्हाय. चालू हाय का बंद, कळत न्हाय."

"आता घाटात ते बंद-बिंद करत बसू नका," शिवराज म्हणाला. "नवीन गाडीत कुणी करतं का तसलं? लोक हसतील."

"न्हाय रे," आबा म्हणाले.

डबी धनाजीनं नेली. तो दुधाच्या घागरी वाहायला लागला तिच्यातून.

ह्या गोष्टीला वर्ष व्हायच्या आत, हुरड्याच्या दिवसांत, आबा आणि आई नव्या गाडीतून बार्शीला निघाले. आईच्या चष्म्याचा नंबर काढून झाला होता, चष्मा आणायचा होता. म्हसोबाच्या दगडाच्या खाली दुसरं वळण आहे, तिथं गाडी वळली नाही. सरळ जाऊन कठड्याच्या दगडांवर आदळली. पट्ट्यांनी धरून ठेवलं, पत्र्यानं धडक सोसली, करिश्मानं वाचलं होतं तसंच सगळं झालं. आईचं खांद्याचं हाड मोडलं. आबा शुद्धीत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांचं हृदय थांबलं.

डॉक्टर भला माणूस होता. त्यानं करिश्माला बाजूला घेऊन सांगितलं, "झटका आला होता, हे नक्की. तो वळणाच्या आधी आला आणि त्यामुळं गाडी गेली, की गाडी गेली त्या धक्क्यानं नंतर आला, हे मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

आई मात्र सांगत होती. पहिल्या दिवसापासून, भेटायला येईल त्याला, गळ्यात हात बांधलेला तसाच, एकाच शब्दांत. "म्हसोबाला हात जोडले, तवर चांगलं बोलत हुते. वळणाच्या आधीच छातीला हात लावला. म्हणले, गजरा, पाणी. तिथंच संपलं सगळं. गाडी बिचारी काय करंल?"

आलेल्या बायका मान हलवायच्या. "देवीनं सुखात नेलं," म्हणायच्या. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा गॅरेजवाल्यानंही तेच सांगितलं, की ब्रेक ठीक, चाक ठीक, गाडीत दोष नव्हता. शिवराजनं ती अंगणात कडुनिंबाखाली कापडानं झाकून ठेवली आणि गिऱ्हाईक बघायला लागला.

करिश्मालाही आईचं म्हणणं खरंच हवं होतं. मनापासून हवं होतं. आबा वळणाच्या आधीच गेले असतील तर ते घरात, मळ्यात, कुठंही गेले असते. गाडीचा त्यात संबंध नव्हता, आणि गाडी पसंत करणाऱ्याचाही नव्हता. पण दोन गोष्टी तिच्या मनातून जात नव्हत्या. दवाखान्यात आबांच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी काळंनिळं पडलं होतं आणि तिथं सूज होती. ती रात्रभर ते हात धरून बसली होती. आणि वळणाखालच्या रानात त्या दिवशी रेवणसिद्ध नावाचा माणूस हरभऱ्याला पाणी देत होता, तोच आधी धावत गेला. तो दहाव्याला आला तेव्हा सहज बोलून गेला, "गाडी आल्याली कळलीच न्हाय बगा. आवाजच न्हाय. एकदम दगडावरच आवाज झाला." शिवराज त्याला म्हणाला, "नवी गाडी आहे ती, तिला आवाज नसतोच." आणि ते खरंच होतं. डबी असती तर तिचं गप्प होणं चार रानांपलीकडं कळलं असतं.

तिनं आईला एकदा विचारलं होतं. "आई, आबांनी घाटात बंद केली होती का गाडी?"

"न्हाय."

"नक्की?"

"नव्या गाडीत कशाला बंद करतील? शिवराजनं सांगितलं हुतं की. चालूच हुती."



*

ज्वारीची काढणी झाली, रानं मोकळी पडली, तेव्हा करिश्मा आठवडाभर रजा घेऊन आली. शिवराजचा फोन होता, की नळदुर्गचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी न्यायला येणार आहे, जरा पुसून ठेव आणि चालू होते का बघ. शुक्रवारी सकाळी तिनं कापड काढलं. काचेवर कडुनिंबाची पानं चिकटली होती. गाडी लगेच चालू झाली. चालू झालेली तिला समोरच्या दिव्यांवरून कळली, कानांवरून नाही.

ती गावाबाहेर पाझर तलावाच्या बाजूला गेली. तिथं रस्ता भिंतीच्या कडेनं हळूहळू खाली उतरतो, पुढं एक वळण आहे आणि वळणापलीकडं मऊ मातीचं पडीक. एवढ्या सकाळी तिथं कुणी नसतं. आपण काय करायला आलो आहोत हे तिनं मनातल्या मनातही म्हटलं नाही. गाडीला वेग येऊ दिला, गिअर काढला, आणि चाबी एक खटका मागं घेतली.

आवाजात काही फरक पडला नाही. समोरचे दिवे एकदम विझले आणि गाडी तशीच घरंगळत राहिली. मग वळण आलं. तिनं चाक फिरवलं, आणि चाक फिरलं नाही. अडकलं नव्हतं, पण कुणीतरी पलीकडून धरून ठेवल्यासारखं जड झालं होतं. तिनं दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ते थोडं हललं, आणि तेवढ्यात वळण निम्मं मागं गेलं होतं. ब्रेकवर पाय दिला. पहिल्यांदा दबला. पुन्हा दिला तर पायाखाली दगड असावा तसा. गाडी रस्ता सोडून पडिकात शिरली आणि ढेकळांत जाऊन आपोआप थांबली.

काही झालं नव्हतं. करिश्मा तशीच बसून राहिली. मग तिनं हात चाकावरून उचलले आणि अंगठ्यांच्या मुळाशी बघितलं. तिथं दुखत होतं.

समोर तलावात पाणी तळाला गेलं होतं आणि काठच्या भेगाळलेल्या चिखलात एक टिटवी इकडून तिकडं पळत होती. चालू असताना बोटानं वळणारी गाडी बंद झाल्यावर डबीपेक्षा जड होते, एवढीच ती गोष्ट होती. डबीला चालू काय आणि बंद काय, सगळं जोर लावूनच करावं लागायचं. आबांच्या हाताला तोच जोर माहीत होता, आणि तेवढाच त्यांनी लावला असणार. पण हे त्यांनी गाडी बंद केली असेल तर. आई म्हणत होती चालू होती.

ती परत आली आणि गाडी होती तशी झाकून ठेवली. आई ओसरीवर हुलगे निवडत बसली होती. जुन्या चष्म्यातून खडे दिसत नव्हते म्हणून सूप पार नाकाशी धरलं होतं.

"चालती का?" आईनं विचारलं.

"चालते."

"बरं. जाऊ दे एकदाची."

"आई, बार्शीच्या चष्मेवाल्याचा पुन्हा फोन आला होता. तयार होऊन पडलाय म्हणे तुझा चष्मा. उद्या जाऊन आणू या?"

आई सूप पाखडायची थांबली. नंतर म्हणाली, "हिच्यात न्हाय बसायची मी."

"एस्टीनं जाऊ."

"खांदा हबकतो एस्टीत." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "धनाजीकडनं डबी आण. डबीत बसते."

*

धनाजीनं सकाळी डबी दारात आणून लावली. मागची सीट काढून टाकलेली, तिथं दुधाचा आंबूस वास, टपावर वाकलेलं कॅरिअर.

"काय हाल केलेत हो हिचे, धनाजीकाका," करिश्मा म्हणाली.

"हाल? अगं, राणीवाणी ठिवलीय. रोज दुधानं न्हाती." त्यानं चाबी तिच्या हातात दिली. "डावीकडचं दार बाहेरनं उघडत न्हाय, आतनं उघडायचं. हॉर्न वाजंलच असं न्हाय. ब्रेक हायत, पण त्याला आधी सांगून ठिवायचं. अन् वैनी, घाटात बंद करायची बरं का. डॉक्टरसायबांची सवय हाय तिला, चालू ठिवली तर रुसती."

त्याच्या तोंडून ते गमतीत निघून गेलं होतं. मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो टोपी काढून उगाच डोकं खाजवायला लागला.  गजराबाई आतून उघडलेल्या दारातून वाकून, दुखरा खांदा सांभाळत, आपल्या जागेवर जाऊन बसल्या. पट्टा ओढायला हात वर नेला आणि इथं टुंग-टुंग करणारं कुणी नाही हे आठवून खाली घेतला. मग पुन्हा नेला, आणि लावला.

डबी पूर्वीसारखीच कोकलत निघाली. येरमाळ्याच्या चौकात रसवंतीवाल्यानं मान वर करून बघितलं. ह्या आवाजाला तो भाग ओळखत होता. करिश्माचे हात, खांदे, सगळं कामाला लागलं होतं. गिअर मनगट वळवून टाकावा लागत होता आणि ती लहानपणी मागून बघितलेली आबांची ती लकब आपोआप करत होती. तिच्या मनात एवढंच होतं, की चष्मा घ्यावा, आईला जेवू घालावं, परत यावं. तलावावरची गोष्ट तिनं आपल्यापाशी ठेवायची ठरवली होती. आईचं म्हणणं खोडून काढेल असं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि नसलेलंच बरं होतं.

पठार संपलं. पुढं रस्ता वाकून खाली जाताना दिसायला लागला. डाव्या हाताला म्हसोबाचा दगड आला. कुणीतरी ताजा शेंदूर लावला होता. गजराबाईंनी हात जोडले, एक हात पुरता वर जात नव्हता तरी जोडले, आणि समोर बघत म्हणाल्या, "करा बंद."

करिश्मानं चाबी मागं घेतली. विचार करून घेतली असं नाही. ते दोन शब्द आले की गाडी बंद होते, हे तिला बोलता येण्याच्या आधीपासून माहीत होतं.

शांत झालं. टायर रस्त्यावर घसघसत होते. उघड्या खिडकीतून वाळल्या गवताचा वास आला. कुठंतरी खाली शेरडांच्या गळ्यातली घंटी वाजत होती, तीही ऐकू येत होती. पहिलं वळण मोठं आणि सोपं होतं. ते मागं गेलं.  करिश्मानं आईकडं बघितलं तेव्हा तिचा उजवा हात समोरच्या पत्र्याला टेकलेला होता, आणि पाय खालच्या पायपुसणीवर घट्ट दाबलेले, जणू ब्रेक तिच्याकडं होता. दुसरं वळण पुढं दिसत होतं. कठड्याचे दगड नवीन लावलेले होते, बाकीच्यांपेक्षा पांढरे.

"फिरंना," आई म्हणाली. हळू आवाजात, कुणाशी नाही. "फिरंना गं बाई हे."

करिश्मानं चाक वळवलं. दोन्ही हात, थोडा खांदा. नेहमी लागतो तेवढाच जोर. डबी कुरकुरत वळली, पांढऱ्या दगडांना बाजूनं ओलांडून गेली आणि पुढच्या सरळ उतारावर आली.

"फिरलं की," आई म्हणाली.

 मग ती बोलायला लागली. घाटात बोलायची तशी, समोर बघून, न थांबता, ओढा यायच्या आत सांगून व्हावं म्हणून.

"तुझ्या आबांनी छातीला हात लावला न्हवता. पाणी बी मागितलं न्हाय. चाकच फिरंना त्यांना. दोन्ही हातांनी ओढत हुते. मी म्हणलं, अहो वळवा की. म्हणले, फिरंना गं. मला वाटलं हातातलं बळच गेलं ह्यांच्या. हार्टच असतंय ते, दुसरं काय? डॉक्टर बी तेच म्हणला. पण मी तसं सांगितलं असतं तर शिवराज म्हणला असता, म्हाताऱ्याला गाडी झेपत न्हवती. गाव म्हणलं असतं. मेल्यावर माणसाला बोलणी कशाला खायला लावायची? म्हणून मी छातीचं सांगितलं."

"बरं केलंस," करिश्मा म्हणाली.

"एरवी शिवराजचं ऐकून चालूच ठिवायचे, त्या दिवशी बंद बी मीच करायला सांगितली. सवयच ती." आईनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं. जुन्या चष्म्याआड तिचे डोळे मोठे आणि धूसर दिसत होते. "आत्ता बी बंदच हाय ना ही?"

"हो."

"बंद असताना फिरलं."

"हो."

"मग नवी बी बंद असताना फिरत असंल. अशीच."

ती विचारत होती. घाटातल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, ओढ्याच्या आत, हा त्या गाडीतला नियम होता. करिश्माला खरं उत्तर माहीत होतं आणि द्यायचं उत्तरही माहीत होतं, ते एका अक्षराचं होतं. अंगठ्यांच्या मुळाशी कालचं दुखणं अजून होतं, चाकावर त्याच जागी दाबलं जात होतं. तिनं तोंड उघडलं. रस्त्यावर एक खड्डा होता तो चुकवला. मग ती म्हणाली, "हो, फिरते. तशीच फिरते."

फार वेळ झाला नव्हता. एक खड्डा चुकवायला लागतो तेवढाच. पण आईनं चाळीस वर्षं ह्या उतारावर माणसाचं बोलणं ऐकलं होतं; कुठला शब्द लगेच येतो आणि कुठला वाट बघून येतो, ते तिला बरोबर कळायचं. तिनं पत्र्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. पदर डोक्यावरून थोडा पुढं घेतला.

ओढा आला. उतार संपला होता, गाडीचा वेग मंदावत मंदावत पायी चालल्यासारखा झाला, आणि करिश्माला चाबी पुढं घ्यायचं सुचत नव्हतं. डबी ओढ्याच्या फरशीवर थांबली. मागून आलेला एक ट्रक भोंगा वाजवत बाजूनं गेला.

"आई," करिश्मा म्हणाली, "गाडी मी आणली होती. तू फक्त—"

"चालू कर," आई म्हणाली. "दुकान जेवायला बंद करतो त्यो."

ढकलायला कुणी नव्हतं. करिश्मानं चाबी पूर्ण फिरवली. एकदा, दोनदा, आणि डबी खोकत चालू झाली. त्या आवाजात पुढं कुणी काही बोलू शकलं नसतं.

बार्शीत चष्मा मिळाला. दुकानदारानं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, आईला वाचता येत नव्हतं म्हणून मग चित्रं दाखवली. तिनं सगळी बरोबर सांगितली. खानावळीत ती अर्धी भाकरी खाऊन उठली. येताना घाट चढायचा होता, इंजिन सगळं बळ लावून ओरडत होतं, आणि म्हसोबाचा दगड उजव्या हाताला आला तेव्हा आईनं हात जोडले की नाही, ते करिश्मानं बघितलं नाही.

*

रविवारी नळदुर्गचे कल्याणप्पा येऊन गाडी घेऊन गेले. मोठ्या मिश्यांचे, मोकळे गृहस्थ. एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "लोण्यागत चालती हो बाई." करिश्मा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. खिडकीशी वाकून ती म्हणाली, "उतारावर कधी बंद करू नका." ते हसले. "चालत्या गाडीला बंद कोण करील?" म्हणाले. गाडी गेली आणि कडुनिंबाखाली चाकांच्या दोन ओळी तेवढ्या राहिल्या.

त्याच दुपारी भूमकडून आबांची एक लांबची चुलत बहीण आली. आजारी होती म्हणून दहाव्याला येणं झालं नव्हतं. ती ओसरीवर बसली, रीतीप्रमाणे थोडं रडली, गजराबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. करिश्मा आत चहा ठेवत होती. आता आई काय सांगणार ते तिला पाठ होतं. म्हसोबाला हात जोडले, तवर चांगलं बोलत हुते.

"कसं झालं गं गजरा?" बाहेर आत्या म्हणाली.

करिश्मानं गॅस बारीक केला आणि उभी राहिली.

"घाटात झालं," आई म्हणाली.

आत्यानं पुढच्या वाक्याची वाट बघितली. ते भूमपर्यंत पोचलं होतं, तिलाही माहीत असणार. "छातीला हात लावला म्हणं," तिनं आपणच पुढं केलं. "पाणी मागितलं म्हणं."

आई काही बोलली नाही.

"देवीनं सुखात नेलं म्हणायचं," आत्या म्हणाली.

करिश्मा चहाचे कप घेऊन दारात आली. आई नवा चष्मा लावून बसली होती आणि अंगणात कडुनिंबाखाली, जिथं गाडी उभी होती तिथं बघत होती. चष्मा चांगला होता. मातीत उमटलेली टायरची नक्षीसुद्धा तिला दिसत असावी.

"घाटात झालं," ती पुन्हा म्हणाली, आणि कप घ्यायला हात पुढं केला.